मधमाश्यांना आधी सांगितलं

नातवंडांनो, तुम्हाला अजून मराठी वाचता येत नाही. म्हणजे हे प्रकरण तुमची आई किंवा बाबा तुम्हाला वाचून दाखवणार, आणि यात तेही आहेत. वाचणाऱ्याने मधलं काही गाळू नये, एवढीच विनंती.

माझ्या लहानपणाबद्दल मी आतापर्यंत क्रमाने लिहीत आले. पुण्याची शाळा, वसतिगृह, कॉलेज. त्याआधीचं वेल्समधलं गाव मात्र मुद्दाम मागे ठेवलं होतं. तिथे मी सहा वर्षांची असताना गेले आणि नऊ वर्षांची असताना निघाले. त्या गावाबद्दल कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. पण गेल्या वर्षी मार्चमध्ये मी अमेरिकेत, ईडन प्रेरीला तुमच्याकडे होते, आणि एका दुपारी टीव्हीवर मधमाश्यांची बातमी लागली.

तुम्ही दोघं नुकतेच शाळेच्या बसमधून उतरून आला होतात. बूट दाराशी, कोट जमिनीवर. बातमीत एक मधमाश्या पाळणारा शेतकरी लाकडी पेट्या उघडून दाखवत होता. आत मध तसाच होता, राणीमाशी होती, पिल्लं होती. कामकरी माश्या तेवढ्या नव्हत्या. मेलेल्याही कुठे पडलेल्या नव्हत्या. देशभर असं होतंय आणि कारण कोणालाच कळत नाही, असं तो म्हणाला.

"गेल्या कुठे मग?" धाकट्याने विचारलं.

"त्यांना कोणी सांगितलं नसेल," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

धाकट्याला हे पटलं. तो चीज खायला गेला. ताई, तू मात्र माझ्याकडे बघत राहिलीस.

तेव्हा घरात काय चाललं होतं ते आधी सांगते. नागपूरचे आजोबा, म्हणजे तुमच्या आईचे वडील, त्याच्या आधीच्या आठवड्यात गेले होते. रात्री झोपले ते सकाळी उठले नाहीत. तुमची आई मिळेल त्या विमानाने नागपूरला गेली. तुम्हाला सांगितलं गेलं, की आजोबांना बरं नाही, म्हणून आई गेली आहे. बाबाने मला बाजूला घेऊन बजावलं होतं. ती परत आली की मुलांना स्वतः जवळ घेऊन सांगणार आहे, तोवर आपण काही बोलायचं नाही. मी हो म्हणाले. ज्याचं माणूस गेलं त्याने ठरवायचं, हे मला मान्य होतं.

मान्य करणं सोपं होतं. त्या घरात दिवसभर राहणं सोपं नव्हतं. तुम्ही शाळेत आणि बाबा ऑफिसात गेला की तुमचं ते मोठं घर इतकं शांत व्हायचं की गरम हवेचं यंत्र चालू झालं तरी मी दचकायची. जाळीतून आधी एक उसासा यायचा आणि मग हवा. बाहेर बर्फ, एकही माणूस नाही. आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ते फोनचं उत्तरयंत्र. त्यात आजोबांचा निरोप होता, जानेवारीतला. "कोणी आहे का घरी? का सगळे बर्फात गाडले गेले? बरं, मी नागपूरचा म्हातारा बोलतोय. नंतर करतो." धाकट्याला तो 'नागपूरचा म्हातारा' भारी आवडायचा. रोज सकाळी दूध पिताना तो बटण दाबून ऐकायचा आणि रोज हसायचा. मी पोळ्या लाटत असायची. माझ्या पाठीमागे गेलेला माणूस बोलायचा, की नंतर करतो. बाबाही तिथेच उभा राहून डबा भरायचा. ते बटण दाबू नकोस असं म्हणायची हिंमत आम्हा दोघांनाही झाली नाही.

आता गाव.

माझे वडील डॉक्टर होते. पुढच्या परीक्षांसाठी ते विलायतेला गेले आणि परीक्षा होईपर्यंत उत्तर वेल्समधल्या एका खेड्यात, तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करू लागले. वर्षभराने आई आणि मी बोटीने त्यांच्याकडे गेलो. विलायत म्हणजे इंग्रजी, असं आईने धरून चाललं होतं. ती बोटीवर इंग्रजीचे धडे घोकत होती. उतरून त्या गावात पोचलो तर इंग्रजी फक्त पोस्टात आणि दवाखान्यात. बाकी गाव वेल्श बोलायचं.

एकच चढाचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना घरं. आपल्याकडे शाळेची पाटी ज्या दगडाची असते, त्या निळ्याकाळ्या दगडाचं तिथे सगळं काही. छपरं त्याची, कुंपणं त्याची, थडगीही त्याचीच. पाऊस पडला की अख्खं गाव धुतलेल्या पाटीसारखं दिसायचं, आणि पाऊस बहुधा पडतच असायचा. वर डोंगरात मेंढ्या, खाली ओढ्याशी प्रार्थनामंदिर. मला शाळेत घातलं आणि थोड्या महिन्यांत मी पोरांबरोबर वेल्शमध्ये भांडू लागले. वडिलांना ती भाषा कधी आली नाही. म्हातारे पेशंट असले की ते मला सोबत न्यायचे. म्हातारा वेल्शमध्ये सांगायचा, मी वडिलांना मराठीत सांगायची. पोटदुखी, कफ, सांधे. मला सगळ्या रोगांची नावं ठाऊक होती.

शेजारी एक विधवा बाई राहायच्या. तिकडे आजीला नाइन म्हणतात, आणि सगळं गाव त्यांना नाइन म्हणायचं, म्हणून मीही. त्यांच्या परसात दगडी कुंपणाच्या आडोशाला मधमाश्यांच्या पेट्या होत्या. नाइनना इंग्रजी जेमतेम, आईला त्याहून कमी. तरी दोघी तासन्‌तास एकमेकींच्या स्वयंपाकघरात बसायच्या. कशा बोलायच्या ते मला अजून समजलेलं नाही. नाइनना आमच्या हिंगाच्या वासाने शिंका यायच्या आणि त्या शिंकता शिंकता वरणाची वाटी संपवायच्या.

आई मधमाश्यांना भीत नसे. नाइन जाळीची टोपी घालायच्या, आई पदर चेहऱ्यावरून ओढून घ्यायची आणि वर वडिलांचा जुना कोट, पायात गमबूट. नाइनचं म्हणणं असं, की मधमाश्यांशी बोलावं लागतं, पण इंग्रजीत बोललेलं त्यांना कळत नाही. आईने माझ्याकडून विचारून घेतलं, मराठी चालेल का? नाइननी आईला काहीतरी बोलून दाखवायला लावलं. आईने त्यांना कोशिंबीर कशी करतात ते सांगितलं. नाइन मान कलती करून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, चालेल, गाण्यासारखी आहे. त्या उन्हाळ्यात आई रोज पेट्यांशी जाऊन मराठीत बोलायची. काय बोलायची ते मला ऐकू देत नसे.

मधमाश्यांना सांगण्याचा एक नियम होता. घरात कोणी गेलं, तर ते आधी मधमाश्यांना सांगायचं. घराची किल्ली घेऊन जायचं, प्रत्येक पेटीवर हळूच वाजवायचं, कोण गेलं ते सांगायचं आणि राहा म्हणून विनवायचं. पेटीला काळी फीत बांधायची. सांगितलं नाही तर माश्या रुसतात, मरतात नाहीतर निघून जातात. नाइनचा भाऊ वारला तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेले होते, फितीचं रीळ माझ्याच हातात होतं. मी विचारलं, गावातलं कोणीही गेलं तर सांगायचं का? त्या म्हणाल्या, छे, फक्त घरचं माणूस. आणि खोटं कधी सांगायचं नाही. माणसांशी कधी कधी बोलावं लागतं, त्यांच्याशी नाही.

त्याच वर्षी हिवाळ्यात आईला क्षय झाल्याचं निघालं. तिला समुद्राकाठच्या एका रुग्णालयात ठेवलं. मुलांना आत सोडत नसत. मी तिला एकदा खिडकीत बघितलं. तिसऱ्या मजल्यावर, हात हलवणारं कोणीतरी. ती आईच होती का, याची मला आजही खात्री नाही. वडील दर रविवारी जायचे. ते गेले की मी नाइनकडे राहायची.

मग एका रविवारी वडील खूप उशिरा आले आणि दुसऱ्या दिवसापासून गाव माझ्याशी फार चांगलं वागू लागलं. बेकरीतल्या बाईंनी मनुकांचा पाव असाच हातात ठेवला. शाळेत बाईंनी मला शेगडीजवळ बसवलं आणि माझी गणितं चुकली तरी काही बोलल्या नाहीत. जो मुलगा रोज माझी वेणी ओढायचा त्याने आपल्या गोट्या मला दिल्या आणि पळून गेला. मी दुकानात शिरले की बोलणं थांबायचं. मला वाटलं, मी लोकांना आवडू लागले.

आईचं कसं आहे असं मी विचारलं, तर वडील म्हणाले, "तिला विश्रांती हवी आहे. सध्या फार बोलू देत नाहीत."

त्या संध्याकाळी नाइननी मला अंडी आणायला परसात पाठवलं. अजून थोडा उजेड होता. मी कुंपणाच्या पलीकडे खुराड्याशी वाकले होते. परसाचं दार वाजलं, मी बघितलं तर नाइन. प्रार्थनामंदिरात जाताना घालायचा काळा कोट घातलेला आणि हातात किल्ली.

किल्ली पेटीवर वाजली. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता, पण मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"बायांनो, डॉक्टरांची बायको गेली. ती तुमच्याशी गात बोलायची ती. तुम्ही राहा. आमच्याजवळ राहा."

मग पुढच्या पेटीवर किल्ली. पुन्हा तेच सगळं. मग पुढची.

मी अंड्यांची टोपली धरून बसून राहिले. त्या खोटं बोलत नव्हत्या, कारण पेट्यांशी खोटं बोलायचं नसतं. हेही कळलं की आई त्यांच्या घरचं माणूस होती. मला कोणी सांगणार नव्हतं हेही कळलं. वडिलांनी त्यांच्याकडून तसं वचन घेतलं असणार. त्यांनी ते मोडलं नाही. कोणत्याही माणसाला सांगितलं नाही.

मी अंडी घेऊन आत गेले. नाइननी पावाला लोणी आणि मध लावून दिला. मी खाल्ला. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी पावाकडे. मी परसात आहे हे माहीत असून त्या किल्ली घेऊन आल्या होत्या का? त्यांनीच तर मला पाठवलं होतं. या प्रश्नाला आता अर्ध्या शतकाहून जास्त वर्षं झाली, आणि तो अजून तसाच आहे.

त्यानंतर मी उन्हाळ्यापर्यंत काहीच माहीत नसल्यासारखी राहिले. कारण वडील. ते रविवारी अजूनही कोट घालून बाहेर पडायचे. कुठे जायचे देव जाणे. जाताना विचारायचे, "आईला काही द्यायचंय?" मग मी चित्र काढून द्यायची. मेंढ्यांचं, पेट्यांचं. ते घडी घालून खिशात ठेवायचे आणि परत आल्यावर सांगायचे, की आईला फार आवडलं. मी विचारायची, हसली का? ते म्हणायचे, हो, हसली. दाराजवळच्या खुंटीवर आई पेट्यांशी जाताना घालायची तो जुना कोट लटकत होता, त्याच्या खिशाला हिंगाचा वास होता. आम्ही दोघंही त्याच्याकडे न बघता ये-जा करायचो.

उन्हाळ्यात आम्ही बोटीने परत निघालो. एडन बंदर मागे गेल्यावर वडिलांनी मला डेकवर नेलं, खुर्चीत बसवलं, स्वतः समोर उकिडवे बसले आणि सांगितलं. किती दिवस शब्द जुळवत होते ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी रडले. पण त्यांच्याकडे बघत रडले. कमी पडू नये आणि जास्तही होऊ नये, इतपत. त्यांना वाटायला हवं होतं, की त्यांनी मला चांगल्या रीतीने सांगितलं. ते म्हातारे होऊन गेले, तोपर्यंत त्यांना तसंच वाटत होतं. खरं रडायचं होतं ते त्या परसात राहिलं. ते नंतर कधी जमलं नाही. पुढे किती प्रसंग आले, तुमचे पुण्याचे आजोबा गेले, तरी मला आधी समोरच्याचा चेहरा बघायची सवय लागलेली होती.

तर ईडन प्रेरीला पाडवा आला.

मी गुढी उभारू नये म्हणत होते. तुमची आई तिकडे वडिलांचे दिवस करत होती आणि आपण इथे साखरेच्या गाठी बांधायच्या, हे मनाला पटेना. बाबा म्हणाला, "आई, दरवर्षी करतो आपण. नाही केली तर ती विचारेल, का नाही. काय सांगू?" म्हणून मी तयारीला लागले. काठी म्हणून धाकट्याची हॉकी स्टिक. त्याने ती मोठ्या उपकारासारखी दिली. त्यावर खण, वर तांब्या. कडुनिंब कुठला मिळायला, कढीपत्ता बांधला. बाबा घरामागच्या डेकवर बर्फ बाजूला करत होता. धाकटा आत फोनशी होता. त्याला आजोबांना हॅपी पाडवा म्हणायचं होतं.

"आता नको," तू त्याला म्हणालीस. "तिथे रात्र झालीय. आजोबा झोपलेत."

मी तांब्या पुसत होते. मागच्या काही दिवसांत त्याने फोनचा विषय काढला की दर वेळी तूच हे सांगत होतीस, माझ्या आधी. मला सुटल्यासारखं वाटायचं. त्या वेळी माझ्या लक्षात आलं, की एकदा तू हे म्हणालीस तेव्हा तिथे सकाळ उजाडलेली होती, आणि मिनेसोटा-नागपूरचा हिशेब तुला माझ्यापेक्षा चांगला येतो.

तो खेळायला खाली तळघरात गेल्यावर तू माझ्याजवळ आलीस. आधी इंग्रजीत बोललीस, की आपण हे करायला नको. मी ऐकलं नसल्यासारखं दाखवलं. मग तू मराठीत बोललीस, थांबत थांबत. तुझी मराठी अशी मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"आजी, घरात कोणी गेलं तर सण नाही करत ना? संडेच्या मराठी शाळेत माझ्या फ्रेंडकडे नव्हती केली. तिची आजी गेली तेव्हा."

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणीच नाही. आई फोनवर बोलत होती. लाँड्री रूममध्ये. तिला वाटतं आम्हाला फास्ट मराठी कळत नाही."

तू रडत नव्हतीस. तांब्यावरचं कुंकू पुसट झालं होतं, ते बोटाने नीट करत होतीस. म्हणजे आई निघायच्या आधीपासून तुला माहीत होतं. तू तिची बॅग भरायला मदत केली होतीस. आजोबांसाठी 'गेट वेल' चं कार्ड काढून बॅगेत ठेवलं होतंस.

मग तू म्हणालीस, "बाबाला नको सांगू, मला माहितीये ते. ही विल फील सो बॅड. आई आल्यावर सांगेल ना, तेव्हा मी रडेन."

काचेच्या दारापलीकडे तुझा बाबा फावडं मारत होता.

मी बाबाला वचन दिलं होतं, आणि तुझ्या आईचा हक्क मला मान्य होता, हे वर लिहिलंच आहे. पण तू जे म्हणालीस ते मी त्या बोटीवर केलं होतं, आणि ते केल्यावर माणसाचं पुढे काय होतं हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. मी दार उघडलं. थंडी आत आली.

"फावडं ठेव," मी बाबाला म्हणाले. "हिला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून."

त्याने आधी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच फोडलं. "आई, आपलं ठरलं होतं ना—"

"ठरलं होतं. तिने तुझ्यासाठी ठेवलंय ते पोटात. ते तिच्याकडून घे."

मग त्याने तुझ्याकडे बघितलं. तो डेकच्या पायरीवरच बसला, ओल्या बर्फात, आणि हात पुढे केले. तू मोजे घातलेल्या पायांनी तशीच बाहेर धावलीस. तू इतक्या मोठ्याने रडलीस, की शेजारच्यांचा कुत्रा भुंकायला लागला. तोंड बाबाच्या जाकिटात होतं. तू कोणाच्याही चेहऱ्याकडे बघत नव्हतीस. मी मुद्दाम बघत होते तेच.

धाकट्याला बाबाने सांगितलं. त्याने विचारलं, आजोबा आता फोन करणार नाहीत का. मग पुन्हा खाली जाऊन खेळला, आणि जेवताना एकाएकी रडला. लहान मुलं अशीच रडतात.

गुढी आम्ही उभारली नाही. बाबाने नागपूरला फोन लावला. तिकडे खरंच रात्र होती. तुमच्या आईला झालं ते सगळं सांगितलं. मग तिने फोन तुझ्याकडे द्यायला सांगितला आणि तू तो घेऊन लाँड्री रूममध्ये जाऊन दार लावलंस.

ती परत आल्यावर मला एकदाच बोलली, भांडी लावता लावता. "माझ्या बाबांचं मी सांगायचं होतं, आई. मला तेवढं तरी करायचं होतं." तिचं बरोबर होतं. मी वेल्सबद्दल काही सांगितलं नाही. तेव्हा ते स्वतःचं समर्थन झालं असतं. मे महिन्यात मी निघेपर्यंत ती माझ्याशी नीट वागली, पण जपून. ते अजून पूर्ण गेलं आहे असं मी म्हणणार नाही. आता हे तीच वाचत असेल, तर तिला कळेल, की तिच्या हातून मी जे घेतलं ते कशासाठी घेतलं. पटलंच पाहिजे असं नाही.

मी निघायच्या आदल्या दिवशी ती स्वयंपाकघरात तुम्हाला आजोबांचं सांगत होती. शेवटच्या दिवशी ते काय जेवले, शेजाऱ्यांशी नळाच्या पाण्यावरून कसे भांडले, झोपायला जाताना काय म्हणाले. मी जिन्यावरून बॅग खाली आणत होते. तू मध्ये मध्ये इंग्रजीत प्रश्न विचारत होतीस. ती मराठीत उत्तरं देत होती, आणि आवाज खाली आणत नव्हती.